शब्दांना गाव विचारणाऱ्या भावाला

दादा,

काल जिंतूरला तुझी शोकसभा झाली आणि मी ती अर्ध्यात सोडून आले. लोकांना वाटलं, बहिणीला रडू आवरलं नाही. तसं काही नव्हतं. रडणं माझं आठ दिवसांत बरंचसं होऊन गेलंय. मला राग आला होता, आणि रागावलेल्या बाईनं शोकसभेत नेमकं कुठं बसायचं ते मला कळेना.

तू शिकवायचास त्या क्लासच्या दारावर हा मोठा फ्लेक्स लावला होता. तुझा निळ्या शर्टातला फोटो, ज्यात तू कॅमेरा सोडून भलतीकडेच बघतोयस. खाली लिहिलेलं, 'रतन सर यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. संपलं. बापाचं नाव नाही, आडनाव नाही. त्याखाली शोकाकुल म्हणून जेवढ्यांची नावं होती, त्यांची मात्र पार आद्याक्षरांसकट आडनावं होती. तुझ्या पुस्तकावर आडनाव छापलं नाही म्हणून मी तुझ्याशी चार महिने बोलले नाही. आणि तू गेल्यावरही हे लोक तुला अर्ध्याच नावानं पोचवायला निघाले होते.

आत एक जण माईकवर तुला अजातशत्रू म्हणाला. तू आणि अजातशत्रू! चहा पांचट झाला म्हणून टपरीवाल्याला 'चहा' हा शब्द चीनमधून कोणत्या रस्त्यानं आला ते ऐकवून भांडणारा माणूस तू. तुझा जन्म, तुझं शिक्षण, तुझी नोकरी, सगळं त्यांनी कागदावरून वाचून दाखवलं. ते मी इथं लिहिणार नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. ते अर्धवट राहिलंय.

हे सगळं सुरू झालं ते एका फवारणीच्या पंपापासून. आठवतं? बोरीत काकांनी नवा पंप आणला होता आणि खोक्यातून घडीचा एक कागद निघाला, पाच-सहा भाषांत बारीक अक्षरांत छापलेला. तू शाळेत इंग्रजी शिकवतोस म्हणून काकांनी तुला मुद्दाम बोलावून घेतलं. तू गोठ्याजवळच्या दगडावर बसलास आणि इंग्रजी सोडून शेजारचा रकाना वाचायला लागलास. ओठ हलायलेत, बोट एकदा या रकान्यावर, एकदा त्या रकान्यावर. काका ताटकळून ताटकळून म्हणाले, "आरं रतन, पंप चालू करायचाय, पत्रिका जुळवायची न्हाई."

"काका, ही तर भावकीच निघाली की!" तू ओरडलास. "हे बगा. इंग्रजीत ऑपरेशन, हिकडं ऑपेरासिओन. प्रोटेक्शन, प्रोतेक्सिओन. टेंपरेचर, तेंपेरातुरा. निस्ता शेवट बदललाय."

"औषध किती टाकायचं ते सांग."

ते तू सांगितलंच नाहीस. कागद खिशात घालून जिंतूरला निघून गेलास. काकांनी पंप आपल्या अंदाजानं जोडला आणि तो पहिल्याच दिवशी पाठीवर गळला, त्यावरून त्यांनी तुला पुढं दोन वर्षं शिव्या घातल्या. संध्याकाळी मला तुझा फोन. "सुनी, मला आज एका दिवसात दोनशे स्पॅनिश शब्द आले."

"कामून थापा मारायलास?"

"थापा न्हाईत गं. ते आदीपासूनच येत होते. मलाच म्हाईत नव्हतं."

ते वाक्य मी विसरले नाही. झरीच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते तेव्हा पहिल्या दिवशी पोरांना हेच सांगते, की तुम्हाला वाटतं त्याहून जास्त तुम्हाला येतं. टेबल येतं, बस येतं, मोटार येतं, डॉक्टर येतं. मीही तुझ्याकडूनच शिकले. मी सातवीत होते तेव्हा तू मला सोयाबीनच्या रिकाम्या पोत्यांवरची इंग्रजी अक्षरं वाचायला लावायचास. तुझ्या त्या इंग्रजीवर आज माझं घर चालतं. हे तुला कधी तोंडावर म्हटलं नाही, कारण तू लगेच फुगला असतास.

मग वह्या सुरू झाल्या. तीन रंगांच्या पेनांनी तू शब्द लिहायचास. निळ्यानं भावकी, म्हणजे जे दोन्ही भाषांत जवळपास सारखे. हिरव्यानं सोयरे, म्हणजे चेहरा बदललाय पण नातं आहे, सिटी आणि सिउदाद यांच्यासारखे. आणि लाल पेनानं सोंगाडे. वरून सारखे दिसणारे आणि ऐन वेळी फसवणारे. 'रोपा' म्हणजे दोर नाही, कपडे. 'लिब्रेरिया' म्हणजे ग्रंथालय नाही, पुस्तकांचं दुकान. सोंगाड्यांवर तुझा फार जीव. बाकीचे शब्द तू घाईनं सांगायचास, सोंगाडे मात्र रंगवून रंगवून.

आणि निजामाच्या राज्यातून आपल्या आबांच्या तोंडी राहिलेले शब्दही तू त्यात ओढलेस. आबा टेबलाला मेज म्हणायचे, सदऱ्याला कमीज. स्पॅनिशमध्ये मेसा आणि कामिसा सापडले त्या दिवशी तू आबांच्या फोटोला नमस्कार केलास. वहिनी म्हणाली होती, "पुण्यतिथीला हार घालायचं इसरतेत, आन् आता बगा." मी हसून हसून दमले होते. असा दिवस परत यायचा नाही हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी आणखी थोडं थांबले असते तुमच्याकडे.

शाळा सुटल्यावर तू इंग्रजी-स्पॅनिशचा क्लास घ्यायचास, त्यातली एक गोष्ट मी परभणीला सगळ्यांना सांगते. बोरीकडची कोमल नावाची पोरगी पहिल्या दिवशी उठून 'इस्कूल' म्हणाली आणि सगळा वर्ग हसला. पोरगी लालबुंद. तू फळ्यावर लिहिलंस, एस्कुएला. त्याखाली एस्तासिओन. त्याखाली एस्तुदियान्ते. मग वळून म्हणालास, "स्पेनमधल्या लोकांना बी सुरुवातीचा 'स्कू' आन् 'स्टे' जमत न्हाई. त्यांनी आदी ए लावला आन् तसंच पुस्तकात छापून टाकलं. कोमल बरोबर बोलायलीय, निस्ता तिचा देश चुकला." ती पोरगी आता हैदराबादला स्पॅनिश पत्रव्यवहाराचं काम करते. काल ती आली होती. मागच्या रांगेत बसली होती. तिला मात्र कुणी बोलायला बोलावलं नाही.

इथपर्यंत मी तुझ्या बाजूची होते. पुढचं मला पटलं नाही, आणि आजही पटत नाही.

तुझा तो पाहुण्यांचा खेळ. आपल्याकडे एसटीत शेजारी कुणी बसलं की विचारतात, "पाव्हणं, गाव कोणतं?" मग आडनाव. मग कुणाकडचे, मामा कोणत्या गावचे. बोरीहून निघालेली गाडी झरी ओलांडेपर्यंत दोन परक्या माणसांचं नातं निघालेलं असतं आणि शेंगांची पुडी मधे ठेवलेली असते. तू हे उचलून वर्गात आणलंस. एक पोरगा उठून शब्द व्हायचा, बाकीचे विचारायचे.

"पाव्हणं, नाव?"

"लूनर."

"गाव कोणतं?"

"लूना. म्हंजे चंद्र."

"आन् भावकीत कोण?"

"लूनाटिक हाय की! चंद्र बघून येडा झालेला."

पोरं खूश. अवघड इंग्रजी शब्द स्पॅनिशच्या दारातून सोपे होऊन यायचे. पद्धत चांगली होती, मी नाही म्हणत नाही. पण मी तुझ्या घरी पलंगावर बसून तुला म्हणाले होते, दादा, हा प्रश्न आपला नव्हे. एसटीतल्या त्या गप्पा आपल्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नालाच संपतात. आडनाव सांगितलं की पुढचा माणूस 'अच्छा' म्हणतो आणि खिडकीतून कापूस बघायला लागतो. मला परभणीत खोली बघताना तीन घरांनी दारातच आडनाव विचारलं होतं. वाव्हळे म्हटलं की खोली अचानक पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली निघायची. असा प्रश्न तू लेकरांच्या तोंडी देतोस?

"त्यांनी हाकलायला वापरला," तू म्हणालास. "मी जोडायला वापरायलो. प्रश्नाची काय चूक हाय?"

"तू फळ्यासमोर उभा असतोस म्हणून तुला सोपं वाटायलंय. दारात उभं राहून बग."

"दारात मी बी उभा राहिलोय, सुनी."

"मग?"

"मग काय. लेकरांनी शब्दाला इचारलं तर शब्द सांगतो, लाजत न्हाई. लेकरू बी लाजणार न्हाई उद्या."

त्यावर मी म्हणाले, तू स्वप्नात आहेस. वहिनीनं चहा आणला आणि विषय तिथंच राहिला. नंतर किती वेळा मी मनात उत्तरं तयार केली. एक चांगलं उत्तर तर गेल्या मंगळवारी सापडलं, तू गेल्यानंतर.

मग पुस्तक आलं. 'शब्दांची सोयरीक'. क्लासचे मालक विलासराव यांनी छापलेलं, मुखपृष्ठावर दोन माणसं हात मिळवतायत असं चित्र, मागे तुझा तोच फोटो. मला माझ्या शाळेतल्या एका बाईंनी दाखवलं. मी नाव वाचलं. लेखक, रतन सर. पान उलटलं, आत काही असेल म्हणून. आतही रतन सर. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती तिथं.

रविवारी मी जिंतूरला आले ती भांडायलाच. तू नुकता क्लासवरून आला होतास, बोटांना खडू होता.

"आडनाव कुठंय तुझं?"

"आगं, राहू दे. पुस्तक लेकरांपर्यंत पोचलं म्हंजे झालं."

"सगळ्या जगाच्या शब्दांची कुळं काढत फिरतोस आन् सोताचं लपवतोस? विलासरावांनी सांगितलं ना तुला? पालक काय म्हणतील म्हणून?"

तू बोटांचा खडू पुसत राहिलास. तू गप्प बसलास की मला वाटायचं, मी बरोबर आहे. म्हणून मी अजून चढले. आबांचं काढलं. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलून ज्या बापानं आपल्याला शिकवलं, त्याचं नाव एवढ्या स्वस्तात सोडलंस म्हणाले. बाबासाहेबांचं नाव घेऊन घरात रोज वंदना म्हणतोस आणि बाहेर मान खाली घालतोस म्हणाले. शेवटी म्हणाले, तू भेकड आहेस.

तू माझ्याकडे बघितलंस. वेगळंच बघितलंस, आता कळतंय. आणि म्हणालास, "चहा घे."

मी चहा घेतला नाही. चप्पल घातली आणि स्टँडवर आले.

चार महिने. तू रोज सकाळी मोबाईलवर एक शब्द पाठवायचास, आधी पाठवायचास तसाच. कधी नुसता शब्द, कधी त्याचं गाव, कधी लाल रंगातला सोंगाड्या. मी रोज वाचायचे. निळ्या खुणा तुला दिसत होत्याच. उत्तर मात्र एकदाही दिलं नाही. परवा कुणीतरी विचारलं, शेवटचा शब्द कोणता पाठवला होता सरांनी, त्यात काही अर्थ असेल. काही अर्थ नव्हता. 'सिया' पाठवला होतास. सिया म्हणजे खुर्ची.

आणि तू गेलास कसा, तेही तुझ्यासारखंच. छातीत जळजळतंय म्हणून वर्गात पित्ताची गोळी पाण्याबरोबर घेतलीस. पोरं म्हणाली, सर, सुट्टी द्या. तू म्हणालास, अजून सहा शब्द राहिलेत. सहा शब्द! तास पूर्ण केलास, फळा पुसलास आणि मग जिन्यात बसलास. इंग्रजी शिकवणारा माणूस, छातीत दुखणं म्हणजे काय हे तीन भाषांत सांगू शकणारा, आणि तुला एका भाषेतही ते डॉक्टरला वेळेवर सांगता आलं नाही. याबद्दल मी तुला माफ करणार नाही. वहिनीनं केलं असेल, ती तुझ्यापेक्षा भली आहे. मी नाही.

आता कालचं ऐक.

सभेतून उठून मी तुमच्या घरी आले. वहिनी पांढरी साडी नेसून भिंतीला टेकून बसली होती. थोड्या वेळानं विलासरावही आले. मी त्यांना पाणी दिलं, पण मनात त्यांना दारातच उभं केलं होतं. ते बसले, रुमालानं मान पुसली. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायचीय म्हणाले, वहिनींची परवानगी पाहिजे.

"काढा," मी म्हणाले. "पण यावेळी तरी नाव पूर्ण छापा. जितं माणूस होतं तवा लाज वाटत होती, आता तरी?"

विलासराव वहिनीकडे बघायला लागले. वहिनी जमिनीकडे.

"ताई," ते म्हणाले, "आडनाव मी काढलेलं न्हाई. छापायच्या आदी तपासायला जी पानं आली होती, त्यावर होतं. रतन सोपान वाव्हळे. सरांनी सोता पेनानं खोडलं."

"कामून खोडतील ते?"

"मी बी इचारलं. म्हनले, मागं फोटो हाय. पुस्तक परभणीत दुकानात जाणार. बहीण तिथं भाड्यानं राहती, घरमालकिणीनं मला बघितलेलं हाय. तिला आडनाव म्हाईत न्हाई. भाचीची दहावी हाय, ऐन वेळेला बहिणीला घर सोडायला लागू नये." मग त्यांनी रुमालाची घडी घातली. "खोटं बोलत न्हाई ताई, मी बी हट्ट धरला न्हाई. पालक इचारतेत. मला बी ते बरंच वाटलं. पण सांगितलं सरांनीच."

मी वहिनीला म्हणाले, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "त्यांनी शपथ घातली होती."

दादा, तू पहिल्यांदा माझ्या परभणीच्या घरी आलास, त्या दिवसाबद्दल मी आजवर कुणाशी बोलले नाही. नवऱ्याशीसुद्धा नाही.

लग्नानंतर माझं आडनाव पिंपळगावकर झालं, पण शाळेत मी माहेरचंच लावायचे आणि पहिल्या तीन घरांत तेच सांगितलं. गावाच्या नावाचं आडनाव, त्यात कुणालाच काही कळत नाही. चौथ्या घरात आडनाव विचारलं तेव्हा मी ते सांगितलं आणि खोली मिळाली. खोटं सांगितलं नाही. फक्त पुढचं काही सांगितलं नाही. सहा वर्षं झाली त्याला. तू पहिल्यांदा तिथं आलास तेव्हा तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन आला होतास. घरमालकीण काकू दारातच बसल्या होत्या. मी म्हणाले, हे माझे भाऊ, जिंतूरला शिक्षक आहेत. काकू म्हणाल्या, "बसा, बसा. नाव काय म्हनलं?" तू म्हणालास, रतन. काकू म्हणाल्या, "रतन काय?"

तू तोंड उघडलंस. आणि मी तुझ्या आधी बोलले. "सगळे रतन सरच म्हणतात त्यांना, काकू."

तू तोंड मिटलंस. माझ्याकडे बघितलंस, तेच बघणं. मग चहा प्यायलास, काकूंच्या नातीला एस्कुएला शिकवलंस, शेंगा ओट्यावर ठेवल्यास आणि जिना उतरून गेलास. पुढं जितक्या वेळा आलास, तितक्या वेळा काकूंसाठी तू रतन सर होतास. पुस्तकावरचं नाव विलासरावांनी ठेवलं नव्हतं, तूही ठेवलं नव्हतंस. ते मी ठेवलं होतं.

आणि मी तुला भेकड म्हणाले.

मला तुझा राग येतो तो इथं. एका वाक्याचं काम होतं. 'सुनी, हे नाव तूच दिलंस मला.' एवढं म्हणाला असतास तर मी जागच्या जागी बसले असते. रडले असते, पाय धरले असते, कदाचित उलट भांडलेही असते, पण खरं भांडण झालं असतं ते. तू मोठा भाऊ झालास. सगळं पोटात घालून 'चहा घे' म्हणालास. मला तुझा मोठेपणा नको होता रे. तू सोंगाडे शब्द हजार लोकांना ओळखायला शिकवलेस आणि घरात बसलेल्या सोंगाडीला बोट दाखवून सांगितलं नाहीस. चार महिने मी तुझ्यावर रागावून होते आणि तुला माहीत होतं की हा राग चुकीच्या दारावर उभा आहे. तरी रोज सकाळी शब्द पाठवत राहिलास. असं कुणी वागतं का?

तुझे उपकारही मोजता येणार नाहीत आणि हा एक उपकार तर मला सहनही होत नाही. पोरीची दहावी सुरळीत चाललीय, घर आहे, काकू वरण पाठवतात. सगळं तुझ्या खोडलेल्या आडनावावर उभं आहे.

विलासरावांना मी तिथंच सांगितलं, पूर्ण नाव छापा. रतन सोपान वाव्हळे. ते 'बरं' म्हणाले. वहीतले उरलेले शब्द मी पूर्ण करून देणार आहे, आणि माझंही नाव टाकायचं तर माहेरचं टाका म्हणाले. नवऱ्याला फोन करून सगळं सांगितलं. तो तहसीलमध्ये कारकून, कमी बोलणारा माणूस. म्हणाला, "घर बदलावं लागलं तर बदलू. पोरीला सांगून ठेव." पोरीला सांगितलं. ती म्हणाली, मला मामाचं आडनाव माहीतच होतं की, सांगायचं नसतं हेही माहीत होतं. हे ऐकून मला काय वाटलं ते लिहीत नाही.

आज सकाळी काकू वर आल्या. भेटायला. हातात काही नव्हतं, नुसत्या आल्या आणि माझ्याजवळ बसल्या. "रतन सर गेल्याचं कळलं," म्हणाल्या. "लय वाईट झालं बाई. असा माणूस. आमची नात आजून म्हनती, एस्कुएला."

मी म्हणाले, "काकू, त्यांचं पूर्ण नाव रतन सोपान वाव्हळे. मी त्यांची सख्खी बहीण. माझं माहेरचं आडनाव वाव्हळे."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, मला तेवढं धैर्य नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "मग त्या दिशी कामून सांगितलं न्हाई? मी तर इचारलं होतं. आन् ते सांगायलेच होते की. तुमीच मधी बोललात."

काकू थोडा वेळ बसल्या आणि जिना उतरून गेल्या. घर राहतं की जातं ते कळेल आठ-पंधरा दिवसांत. पण दादा, परक्या बाईलाही त्या दिवशी दिसलं होतं. तू सांगायलाच होतास. मी तुझं तोंड बंद केलं.

— सुनी